हात न लागलेली बंदूक

गावात कुणाच्या घरी बंदूक आहे आणि ती मिस्त्रीच्या हातून गेलेली नाही, असं चाळीस वर्षांत एकदाच झालं. बाकी सगळ्या बंदुका त्याच्या दुकानात येऊन, न्हाऊन-माखून, नवे कपडे घालून परत गेल्या. आजोबांच्या वेळची गंजलेली नळी असो की उंदरांनी कुरतडलेला दस्ता असो, मिस्त्री ती अशी करून द्यायचा की घरचे लोक आधी त्याच्याकडे संशयाने बघायचे. हीच का आमची? मग दस्त्यावरची एखादी ओळखीची गाठ सापडायची आणि त्यांचा चेहरा फुलायचा. त्या चेहऱ्यासाठी मिस्त्री काम करायचा. पैसे मागताना मात्र त्याचा आवाज इतका खाली जायचा की निम्मी गिऱ्हाइकं 'बघू पुढच्या वेळी' म्हणून सटकायची.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. खिडकीखाली कामाचं टेबल, त्याला घट्ट बसवलेली पकड, भिंतीवर मापाप्रमाणे टांगलेल्या कानशी, आणि मागे एक पत्र्याची टाकी, जिच्यात उकळत्या क्षाराच्या पाण्यात बुडवून तो पोलादाला काळा-निळा रंग चढवायचा. लग्न त्याने केलं नाही. का केलं नाही विचारलं की 'वेळ झाला नाही' म्हणायचा, आणि हे तो गमतीने म्हणतोय की खरंच, ते कुणाला कळायचं नाही. स्वतःचा चष्मा बोटांच्या ठशांनी धुरकटलेला, सदऱ्याला दोन बटणं कमी, पण बंदुकीवर त्याला धुळीचा कण खपायचा नाही.

ही सवय त्याला ताईने लावली. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि ताई चौदाची. शाळा सोडून ती घर बघू लागली आणि त्याला तिने भांड्यांना बसवलं. पातेलं घासून आणलं की ती उजेडाकडे धरायची. "तोंड दिसतंय का तुझं? नाही ना? मग घास." तोंड दिसेपर्यंत घासायचं, हा त्याच्या आयुष्यातला पहिला आणि शेवटचा धडा. पुढे जे काही शिकला ते याच धड्यावर शिकला.

आता ताई बहात्तर वर्षांची. नवरा वर्षापूर्वी गेला. ती मुलाकडे राहायची, म्हणजे मुलाच्या घराच्या बोळात राहायची. दाराच्या आत शिरलं की डाव्या हाताला चपलांची मांडणी आणि उजव्या हाताला ताईचा पलंग. सून वाईट नव्हती. वाईट असती तर भांडता तरी आलं असतं. ती फक्त येता-जाता पलंगाच्या कडेवर पिशव्या ठेवायची, ओली छत्री ताईच्या पायथ्याशी उभी करायची, आणि पाहुणे आले की म्हणायची, "आई, जरा उठता का? बसायला जागा करू या." सगळं कसं गोड आवाजात. ताई उठायची आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायची.

तिने एक खोली पाहून ठेवली होती. चांभाराच्या दुकानावर, लाकडी जिना, एक खिडकी, एक मोरी आणि आतून कडी लागणारं दार. त्या कडीचं तिने मिस्त्रीला इतकं वर्णन केलं होतं की ती कडी पितळेची आहे आणि जरा तिरकी बसते, हेही त्याला पाठ झालं होतं. "धाकट्या, मला महाल नको रे. कुणी टकटक केल्याशिवाय आत यायला नको, एवढंच." घरमालकीण महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार होती. पण वर्षाचं भाडं आधी हवं म्हणायची.

आणि ताईकडे विकण्यासारखी एकच वस्तू होती, नवऱ्याची दुनळी बंदूक.

मेहुणे जमीनमोजणी खात्यात होते. तरुणपणी त्यांनी आणि गावच्या वखारवाल्याने एका बदलीवर निघालेल्या इंजिनियरकडून दोन बंदुका घेतल्या, एकाने एक, दुसऱ्याने दुसरी. दोन्ही एकाच कारखान्यातल्या. डोंगरातल्या कुठल्याशा खेड्यात तीन भाऊ तो कारखाना चालवायचे, अकरा वर्षं चालवला आणि मग तो जळून गेला. दोन्हींवर नळीच्या बुडाशी तीन पाखरांचा बारीक शिक्का आणि पाठोपाठचे आकडे: चारशे बारा वखारवाल्याची, चारशे तेरा मेहुण्यांची. मेहुण्यांनी ती आयुष्यात सशावरसुद्धा झाडली नाही. फ्लॅनेलमध्ये गुंडाळून कपाटात ठेवली आणि मोजणीच्या साखळ्या ओढत ते म्हातारे झाले. ते गेल्यावर परवाना संपला. बंदूक विकायची, नाहीतर पोलीस ठाण्यात जमा करायची, असा कायदा. मिस्त्रीकडे दुकानाचा परवाना होता, म्हणून ताईने विक्रीचा अधिकार त्याच्या नावे लिहून दिला आणि बंदूक त्याच्या कपाटात आली.

त्याच सुमाराला मोठ्या शहरातल्या एका लिलावघराने कळवलं की त्यांची पारखी बाई गावात येणार आहे. जुन्या बंदुका बघून, योग्य वाटतील त्या संग्राहकांच्या लिलावासाठी घेणार आहे. मिस्त्रीने ताईच्या बंदुकीबद्दल लिहिलं. उत्तर टाइप केलेलं आलं, आणि त्यात एक ओळ खाली रेघ मारून होती: बंदूक आहे तशी दाखवावी, साफसफाई किंवा दुरुस्ती काहीही करू नये.

ताईने ते दोनदा वाचलं. "काही करू नका म्हणतायत रे त्या."

"ताई, तू कुणाकडे जाताना म्हणत नाहीस, आमच्यासाठी काही करू नका हं? आणि त्यांनी खरंच काही केलं नाही, की घरी येऊन किती दिवस बोलतेस?"

ताई हसली. "चार-पाच दिवस तरी."

"मग? मोठी माणसं आहेत, रीत म्हणून लिहितात. बहिणीची वस्तू मी गंजलेली पुढे ठेवू? गाव काय म्हणेल?"

"ते खरं," ताई म्हणाली. "लख्ख करून ठेव. बघितल्याबरोबर मन भरलं पाहिजे त्यांचं."

त्याने अठरा दिवस दुसरं काम हातात घेतलं नाही. नळ्यांवरचा जुना तपकिरी रंग जागोजाग विटला होता, तो त्याने उतरवला. चापाच्या वरच्या पोलादावर धुराच्या वेटोळ्यांसारखे निळे-पिवळे ढग होते. तेही डागच समजून त्याने घासून काढले आणि सगळं एकसारखं टाकीत बुडवलं. सहा स्क्रूंच्या खाचा झिजल्या होत्या. जुने स्क्रू भंगारात टाकून त्याने सहा नवे कातून बसवले. दस्त्यावरचे खळगे ओल्या फडक्याने आणि तापल्या इस्त्रीने वर आणले, अक्रोडाचं लाकूड काचकागदाने गुळगुळीत केलं आणि त्यावर तेलाचे सात हात दिले. आकड्याशेजारी गंजाचे खड्डे होते. ते कानशीने काढताना शेवटचा तीन पुसट झाला, तेव्हा त्याने आपल्याकडचा आकड्याचा ठसा ठेवून हातोडीच्या एका घावात नवा तीन उठवला, पहिल्यापेक्षा ठसठशीत. तीन पाखरांच्या चोची झिजल्या होत्या, त्याही त्याने भिंगाखाली बसून कोरल्या. शेवटच्या दिवशी त्याने नळी उजेडाकडे धरली. तोंड दिसत होतं. इतकं चांगलं काम त्याच्या हातून कधी झालं नव्हतं, आणि हे मी उगाच म्हणत नाही; त्या बंदुकीवर त्याने खरोखर जीव ओतला होता.

पारखी बाई नगरभवनाच्या सभागृहात बसली. पन्नाशीची, बारीक कापलेले पांढरे केस, हातात सुती मोजे, समोर हिरवं कापड अंथरलेलं टेबल आणि त्यावर एक छोटा दिवा. लोक चादरीत, सतरंजीत गुंडाळून बंदुका घेऊन आले होते. मिस्त्री पहिल्या रांगेत बसला. ताईला त्याने येऊ दिलं नव्हतं. "तू खोलीला पडदे बघून ये," असं सांगून मोकळा झाला होता.

बाईने पहिली बंदूक उचलली, दिव्याखाली धरली आणि हळूच म्हणाली, "ही पुन्हा रंगवलेली आहे."

"माझं काम," मिस्त्री रांगेतून म्हणाला.

दुसरी. "हीसुद्धा."

"तीही माझीच."

चौथ्या बंदुकीला तो अर्धवट उभाच राहिला. त्याला वाटलं, इतक्या लांबून आलेल्या बाईने एका नजरेत आपलं काम ओळखलं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी जाणकार भेटलं होतं. बाईने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत जे होतं ते त्याला आणखी थोडा वेळ कळलं नाही. आपल्यालाही सांगायला नको वाटतं, पण तो हसत होता.

ताईची बंदूक त्याने स्वतः उलगडली. सभागृहात कुणीतरी 'अरे वा' म्हणालं. बाईने तीन पाखरं पाहिली आणि ती पुढे झुकली. मग आकडा पाहिला, भिंग काढलं, पुन्हा आकडा पाहिला. तिने भिंग खाली ठेवलं.

"हे कधी केलंत?"

"परवाच संपवली. अठरा दिवस लागले."

"जुने स्क्रू ठेवलेत?"

जुन्या स्क्रूंचं काय काम, ते मिस्त्रीला कळलं नाही. "भंगारात असतील. आणू का?"

"राहू द्या," बाई म्हणाली. तिने मोजे काढले. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती अगदी आपुलकीने बोलली. "मिस्त्री, तुमचा हात फार चांगला आहे. पण हे संग्राहक नवी बंदूक शोधत नाहीत. नवी हवी तर ते दुकानात जातील. त्या तीन भावांनी लावलेला रंग त्यांना हवा असतो. विटका असला तरी चालतो, पण त्यांचाच हवा. ते निळे-पिवळे ढग त्यांची खूण होती, तसे दुसऱ्या कुणाला जमलेच नाहीत. स्क्रू त्यांचे, लाकडावरची रेघ त्यांची. एकदा काढलं की परत लावता येत नाही. आणि हा आकडा…" ती थांबली. "ठसा नवा आहे. एक आकडा नवा दिसला की घेणारा म्हणतो, बंदूकच खोटी असेल."

"खोटी नाही हो ती. माझ्या मेहुण्यांची आहे."

"माझा विश्वास आहे. पण मी ती लिलावात ठेवू शकत नाही."

"मग किती येतील? थोडे कमी?"

बाईने मान हलवली. "शोभेची म्हणून कुणी घेतली तर घेईल."

नेमका तेव्हाच वखारवाला आत आला. आता म्हातारा झालेला, हातात काठी, मागून त्याच्या गड्याने पोत्यात गुंडाळलेली बंदूक आणली होती. पोत्यातून लाकडाचा भुसा पडला. नळ्या तपकिरी, दस्त्यावर खळगे, स्क्रू झिजलेले, आणि चापाच्या वर धुळीखाली ते निळे-पिवळे ढग जसेच्या तसे. चारशे बारा. बाईने पुन्हा मोजे घातले आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मिस्त्रीला ती शांतता ऐकवेना. आयुष्यभर त्याला हवी होती ती शांतता हीच होती, आणि ती त्याच्या शत्रूच्या मळक्या बंदुकीला मिळत होती.

"हिला कुणाचाच हात लागलेला नाही," शेवटी ती म्हणाली. मग मिस्त्रीकडे पाहून, जरा आश्चर्याने, "तुमचासुद्धा नाही?"

नव्हता लागला. त्याचं कारण सगळ्या गावाला माहीत होतं आणि कुणी तो विषय काढत नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी वखारवाल्याने ती बंदूक दुकानात गुंडाळलेलीच ठेवली, मिस्त्रीने गाठही सोडली नाही, आणि दुसऱ्या दिवशी वखारवाल्याने येऊन स्वतः गाठ सोडली तर दस्त्यावरची चांदीची पट्टी गायब. भर रस्त्यात तो ओरडला, "चोर आहेस तू!" आठवड्याने पट्टी त्याच्याच बायकोच्या शिवणाच्या डब्यात सापडली. ते त्याने गड्याकरवी कळवलं, बंदूकही परत पाठवली, पण स्वतः तोंड दाखवलं नाही. मिस्त्रीने उलटा निरोप दिला, ती बंदूक सडून गेली तरी मी तिला हात लावणार नाही. शब्द त्याने पाळला. ज्या बंदुकीवर त्याने डूख धरला ती वाचली, आणि जिच्यावर त्याने जीव ओतला तिची माती झाली. असा न्याय बघितला की माझं तरी डोकं फिरतं.

संध्याकाळी ताई दुकानात आली. हातात पडद्याच्या कापडाचे दोन तुकडे. "हा निळा की हा? आणि काय म्हणाल्या बाई?"

सांगायचं म्हणून मिस्त्री उभा राहिला होता, वाक्यही जुळवलं होतं. "शहरात नेऊन बघतात म्हणाल्या. कळवतील."

"आवडली ना?"

"हो. हात चांगला आहे म्हणाल्या."

"मग झालं तर," ताई म्हणाली आणि तिने निळा तुकडा टेबलावर पसरला.

ती गेल्यावर त्याने भंगाराचा डबा पालथा केला. सहापैकी चार स्क्रू सापडले. ते रॉकेलमध्ये धुऊन, पुसून, ओळीने ठेवले, आणि मग त्यांच्याकडे बघत बसला. त्यांचं आता काय करायचं, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

चौथ्या दिवशी वखारवाला दुकानात आला. बावीस वर्षांनी. उंबऱ्यावर काठी टेकून उभा राहिला, मग न विचारता स्टुलावर बसला.

"बाईंना कागद हवाय," तो म्हणाला. "या गावातली बंदूक म्हणजे तुमच्या हाताखालून गेलेली असणार, असं घेणारे म्हणतील. म्हणून तुम्ही लिहून द्यायचं की हिला मी हात लावलेला नाही."

"खरंय ते. देतो लिहून."

"आणि का लावला नाही, तेही. कारण दिल्याशिवाय कुणी मानणार नाही."

मिस्त्रीने वर पाहिलं. "का लावला नाही ते तुम्हाला माहीत आहे."

वखारवाल्याने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तो कागद ते छापतात. यादीत, बंदुकीच्या फोटोखाली. माझं नाव असणार तिथे, नातवंडं वाचतील. तुम्ही असं लिहा ना, की कधी काही बिघडलंच नाही. दुरुस्तीची वेळच आली नाही."

"म्हणजे तुम्ही मला चोर म्हणालात, ते झालंच नाही."

"जुनं झालं हो ते."

"माफी मागितली असतीत तरी जुनं झालं असतं."

वखारवाला दुकानभर नजर फिरवत कपाटापाशी थांबला, जिथे काचेआड चारशे तेरा आरशासारखी उभी होती. गाव लहान, चांभाराच्या माडीवरची खोली कुणाला हवी आहे, तेही त्याला माहीत होतं. "तुमच्या बहिणीचं वर्षाचं भाडं मी भरतो," तो म्हणाला. "आजच. कुणी दिलं ते कुणाला कळणार नाही."

बावीस वर्षं मिस्त्रीने या माणसाच्या तोंडून एक शब्द निघायची वाट पाहिली होती. तो शब्द कागदावर यायची संधी समोर होती, छापून येणार होती, आणि दुसऱ्या बाजूला पितळेची, जरा तिरकी बसणारी कडी होती. त्याने लेखणी उचलली. लिहिलं, की ही बंदूक माझ्या माहितीची आहे, तिच्यात कधीही काही बिघडलं नाही, म्हणून मी तिला हात लावलेला नाही. खाली सही केली. त्याच्या आयुष्यात त्याची सही छापून येणार होती ती एवढीच. वखारवाल्याने कागद घडी करून खिशात घातला आणि जाताना म्हणाला, "अक्षर छान आहे तुमचं." मिस्त्रीला वाटलं, हातोडी उचलावी. त्याने उचलली नाही.

महिनाअखेर होती. चारशे तेरा त्याने फडक्यात गुंडाळली आणि स्वतः पोलीस ठाण्यात जमा केली. हवालदाराने ती उलगडली आणि शीळ घातली. "नवी कोरी दिसतेय की! ही वितळवायला पाठवायची?"

"हो," मिस्त्री म्हणाला. पावती त्याने दुकानात आणून शेगडीत घातली.

ताई खोलीत राहायला गेली, त्या दिवशी तिने त्याला बोलावलं. निळे पडदे लागले होते. खिडकीखाली पलंग, कोपऱ्यात स्टोव्ह, मांडणीवर चार भांडी, चारही उजेडात चमकणारी. तिने त्याला आत घेतलं, दार लावलं, कडी घातली, काढली, पुन्हा घातली. मग स्वतःवरच हसली.

"बंदूक गेली एकदाची," ती म्हणाली. "कुणी घेतली, कळलं का रे?"

"लांबचं कुणीतरी आहे."

"चांगली ठेवतील ना? यांचा फार जीव होता तिच्यावर."

"ठेवतील."

ताईने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "मी म्हणत नव्हते तुला? लख्ख वस्तूला किंमत येते. त्या बाईंचं ऐकून गंजलेली दाखवली असतीस तर बसले असते मी बोळात. तुझ्या हाताला यश आहे धाकट्या." मग तिला काहीतरी आठवलं आणि तिचे डोळे मिश्कील झाले. "त्या वखारवाल्याची पण तसलीच आहे ना? तशीच पडलीय म्हणतात धूळ खात. झालं गेलं सोडून दे आता. जा आणि त्याला म्हणावं, आण, तुझीही घासून देतो."

मिस्त्री बरं म्हणाला. तिने चहा टाकला, तोवर तो कडीकडे बघत बसला.